कोपरा

भोसरीत एकतीस वर्षं लॅमिनेशनच्या मशीनवर होतो.
मिनिटाला दीडशे मीटर फिल्म सुटायची.
वर छपाईचा थर, मधला चंदेरी,
आत अन्नाला लागणारा, पातळ, निर्मळ.
तिन्ही असे चिकटवायचे
की पुन्हा सुटता कामा नयेत.
सुटले, तर माल परत यायचा.
माझा कधी परत आला नाही.

आता धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर.
साडेआठला लोचनाबाई खंडागळे बेल वाजवतात
आणि मी दोन बादल्या घेऊन दारात.
त्या जिन्यातच निवडायला बसतात.
दुधाची पिशवी एका अंगाला, तिला भाव आहे.
तेलाच्या कॅनलाही.
वेफर्सचा पुडा मुठीत चुरगाळतात,
मूठ उघडली की तो हळूहळू पुन्हा फुलतो,
काही झालंच नाही असा.
"ह्याला भंगारवाला हात लावत न्हाई, काका.
कोण बनवतं हो असलं?"

मी चष्मा पुसला.

सांगायला हवं होतं.
हेही सांगायला हवं होतं की
लहानपणी दापोडीत आई रवा चाळायची,
तेव्हा चाळणीत जाळी धरलेले गोळे उरायचे, वळवळणारे,
किलोतला पावशेर सरळ उकिरड्यावर.
सुट्ट्या तेलात काय मिसळलंय
ते दोन दिवसांनी पोट सांगायचं.
त्या रव्याच्या गव्हालाही कुणी
रात्री उठून पाणी दिलेलं असणार;
उकिरड्यावर ते पाणी कोण मोजतं?
पण जिन्यात, त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांसमोर,
ही वकिली कशी करायची?

बोलल्या त्याच.
"आमच्यात फ्रिज न्हाई.
नातवाचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा
भर श्रावणात कुडुम वाजतो.
दुधाची पावडर महिनाभर पुरते. चांगलंच की.
पर खाणं पाच मिन्टांचं, आन् पुडा..."
पुढचं वाक्य त्यांनी गोणीत कोंबलं
आणि गोणी खांद्यावर घेतली.

धरणातलं पाणी सोडणं थांबलं, त्याच्या दुसऱ्या रविवारी
भिडे पुलाकडे फिरायला गेलो.
काठच्या झुडपांना पुरानं जे नेसवलं होतं
त्यात ओळखीचा एक पिवळा.
त्या पिवळ्यासाठी आम्ही तीन पाळ्या खपलो होतो,
शाई धरत नव्हती.
पुड्यावर तारीख होती, सोळा वर्षांपूर्वीची.
नखानं कड उचलून पाहिली.
थर सुटले नाहीत.
छाती जराशी फुगली,
मग ती फुगलेली छाती घेऊन
कुठे उभं राहावं ते कळेना.
पुडा खिशात घातला. घरी आणला.
तो अजून टेबलाच्या खणात आहे.

लोचनाबाईंनी आजवर एकच मागितलं,
दिवाळीलाही दुसरं काही नाही:
"दुधाची पिशवी कापता न्हवं,
तो कोपरा पुरता तोडू नगा.
लटकता ठेवा.
येवढासा तुकडा निवडताना घावत न्हाई,
जातो गटारीनं."

हिशेब केला. रोज दोन पिशव्या,
लग्नाला वर्षं चाळीस.
एकोणतीस हजार दोनशे त्रिकोण, नखाएवढे.
कुमुदला सांगितलं, तर म्हणाली,
"आणि मशीनवर मीटर किती?"
तो आकडा मी काढला नाही.

आज सकाळी कात्री सवयीनं पुढे गेली.
तुकडा सुटला.
ओटा पाहिला, सिंकची जाळी काढून पाहिली,
गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली,
सिलिंडरमागे हात घातला.
मागे दूध उतू गेलं, अर्धा लिटर,
शेगडीखाली, ओट्यावरून खाली, थेंब थेंब.
कुमुद ओरडत आली. थांबली.
माझा हात धरून वळवला.

तुकडा कोपराला चिकटलेला होता.