चुन्यो

जूनमध्ये ओरुरोच्या माळावर
सातुर्निना बटाटे पसरते, बारके, कडवट,
आणि रात्रीला म्हणते, ये बाई, कडकडून ये.
बाकीचं जग थंडीला दारं लावून घेतं.

रात्री ते गोठतात, दगड.
दुपारी उन्हात मऊ पडतात.
मग अनवाणी तुडवायचे,
टाचेखालून पाणी निघतं, साल सुटते,
उरतो तो काळा, हलका, खडखडीत चुन्यो.
दहा वर्षं टिकतो म्हणतात.
मोजलंय कोणी?

यंदा थोरलीने सांताक्रूसहून नवरा आणला.
सखल, गरम मुलखातला पोरगा,
धापा टाकत जेवायला बसला.
पोतं तळाला गेलेलं, त्यातलेच भिजत घातले होते.
पहिल्या घासाला त्याचं तोंड थांबलं.
"पायांचा वास येतो," बायकोच्या कानात म्हणाला.
पण घर एवढंसं.

"येणारच," सातुर्निना म्हणाली.
"एवारिस्तोचे आहेत.
त्याला मातीत ठेवून सहा वर्षं झाली.
डाव्या पायाने लंगडायचा,
म्हणून काही नीट चेपलेले नाहीत."

जावई बराच वेळ ताटात बघत राहिला.
मग एक जाडसर उचलून
विचारलं,
"हा डाव्याचा?"

सातुर्निनाने मिरचीची वाटी
त्याच्याकडे सरकवली.