हॅलोचा दगड

फर्मागुढीला मोबाइलवर पाचही काड्या असतात.
कुडचड्यापर्यंत टिकतात.
सांग्याला दोन,
भाटीच्या वळणावर एक,
नेत्रावळीच्या पुढे, आमच्या वाड्याकडे बस वळली
की नुसती फुली.

तिसऱ्या वर्षी फुर्तादो सरांनी विचारलं, प्रोजेक्ट?
कुणी रोबो घेतला, कुणी ड्रोन.
मी म्हटलं, सर, एक दगड.
वर्ग हसला.
सर हसले नाहीत, म्हणाले, फ्रिक्वेन्सी सांग.

काजूच्या बागेवर जांभ्याचा तो एकच उंचवटा,
सगळा गाव तिथे जाऊन हॅलो म्हणतो.
लॅबमधून सही करून आणलेला मीटर
गोणपाटात गुंडाळून मी तिथे नेला.
दारात उणे एकशे सोळा,
गोठ्यामागे उणे एकशे अकरा,
दगडावर उणे ब्याण्णव.

बाबा म्हणाले, सगळं उणेच की.
मी सांगितलं, उणे म्हणजे नाही, असं नाही.
उणे म्हणजे फार थोडं.
खाण बंद झाल्यापासून
ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ट्रककडे बघत
ते म्हणाले, हे कळलं मला.

पुस्तकात उत्तर होतं:
लाट डोंगराच्या धारेला घासते
आणि खालच्या सावलीत थोडी वाकते.
पण कुठे वाकते ते पुस्तकात नव्हतं.
ते शेवंतीकाकीच्या टाचेला ठाऊक होतं.

तिचा दामोदर जहाजावर.
दर गुरुवारी, साडेचारला, त्याचा फोन.
चार वर्षं एकाच जागी उभी राहून
तिने दगडाला खळगा पाडलाय, वाटीएवढा.
मी मीटर डावीकडे सरकवला, वीतभर,
सहा डेसिबल पडले.
उजवीकडे, पाच.
परत खळग्यावर आणला.
वहीत लिहिलं: कमाल.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
नॉइज म्हणजे काय?
मी सूत्र सांगितलं, तापमान सांगितलं,
बँडविड्थ सांगितली.
त्यांनी मान हलवली, पुढचा प्रश्न.

काकीचं सांगितलं नाही.
त्या गुरुवारी लाइन खरखरत होती,
दामोदरचा एकही शब्द धड लागेना,
मागे कसलीशी घरघर, एकसारखी.
मी म्हटलं, काकी, ठेव, पुन्हा लावेल.
तिने हातानेच मला गप्प केलं.
इंजीन आयकूंक येता, म्हणाली,
म्हणजे जहाज चालू आसा. बरो आसा तो.
आणि ती ऐकत राहिली,
सात मिनिटं,
नुसतं इंजीन.

पंचवीसपैकी सतरा मिळाले.

मीटर परत करायला गेले तर
गुरुदासने पेटी उघडून पाहिली.
कोपऱ्यात तांबडी माती,
आणि एक मुंगी, तांबडीच,
फर्मागुढीच्या ट्यूबलाइटखाली गोंधळलेली.
त्याने रजिस्टर ओढलं, लिहिलं:
वस्तू ठीक.
मग पेन थांबवून विचारलं,
हिचं काय लिहू?