घामणी

भंगाराची यादी करायला मला पाठवलं.
डभोईच्या पुढे बस सोडली, मग
छितुभाई तडवींच्या सायकलवर मागे बसून,
मांडीवर वही आणि मोजपट्टी,
कपाशीच्या शेतांमधून.

फलाट: एक. ढोपराएवढा.
तिकिटाची खिडकी: एक. आत मधमाश्या.
वजनकाटा: मोडका.
घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा:
छितुभाई म्हणाले, तो शाळेत वाजतो, लिहू नका.
मी लिहिला नाही.

पाटीवर तीन लिप्यांत घामणी.
नाव झकास आहे, मी म्हटलं, मे महिन्याला शोभणारं.
ते हसले. गाव धामणीच हो.
ओढ्याकाठी धामणी निघायच्या, पिवळ्या, पुरुषभर लांब.
गायकवाडी अमदानीत रूळ पडले तेव्हा
बडोद्याहून एक मराठी कारकून पाटी रंगवून घेऊन आला.
गुजरातीत ध आणि घ सख्खे भाऊ,
त्यानं भलत्याच भावाला हाक मारली.
पुढे हिंदी-इंग्रजीनं तीच चूक इमानानं उतरवून घेतली.

गावानं अर्ज केला. उत्तर आलं:
घामणीच्या रहिवाशांस कळविण्यात येते की.
दुसरा केला. तेच.
मग तिकिटावर घामणी, कापसाच्या गाठींवर घामणी,
मनीऑर्डरीवर, शाळेच्या दाखल्यावर,
सासरी नांदणाऱ्या मुलीही सांगू लागल्या,
आम्ही घामणीच्या.
इंजिनाच्या पहिल्या शिट्टीला धामणी गेल्या म्हणतात.
गाडी चालायची इतकी हळू
की छितुभाईंचा बाप उतरून तंबाखू मळायचा
आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचा.
आता गाडी नाही. नाव आहे.

मी त्यांना सांगितलं नाही
की आमच्याकडे पणजोबांची एक पेटी आहे,
तिच्यात वाळलेली दौत, रेल्वे खात्याचा बिल्ला
आणि मोडीतले कागद.
मला मोडी येत नाही.
घरात कुणालाच येत नाही.

शेवटची वस्तू: पाटी, लोखंडी.
ही नेलीत तर आम्ही कुठले, छितुभाईंनी विचारलं,
तेही सहज, बिडी शिलगावता शिलगावता.
वजनाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
तळहाताला गंज लागला होता, तो वहीला लागला.

रकाना कोरा ठेवून मी सायकलवर बसलो.
ऊन कललं होतं, रुळांच्या जागी गवत,
गवतात काहीतरी सरसरलं.
साहेब, पाय वर घ्या, छितुभाई म्हणाले,
इथे धामण असते.