इतिवृत्तात न आलेलं

लेहतोवाराच्या सभागृहात, बाहेर उणे एकवीस,
राइली केम्पाइनेन उभ्या राहिल्या
आणि खाटा मागितल्याच नाहीत.
मागितली खडी.
दोन ट्रक, बारीक, धारदार,
पहाटेच्या पहिल्या बसआधी पायवाटांवर पसरायला.

अर्थसमितीतलं कुणीतरी हसलं.
त्या म्हणाल्या, मागच्या हिवाळ्यात एकेचाळीस खुबे मोडले
या एवढ्याशा गावात. मोजलेत मी.
आइनो तर टपालपेटीपर्यंतच निघाली होती,
अकरा पावलं.
म्हातारपणानं नाही पाडलं तिला. आपण पाडलं.

आणि एक बाक हवा,
दुकान आणि बसथांबा यांच्या मधोमध.
जिथं टेकता येत नाही
तिथं माणूस जायचंच सोडतो,
मग बोलायचं सोडतो, मग रांधायचं,
आणि मग आमच्याकडे येतो, फाइल होऊन.

मी इतिवृत्त लिहिते. लिहिलं:
खडी मंजूर, एक ट्रक. बाकाचा विचार पुढच्या वर्षी.

हे नाही लिहिलं
की जिना उतरताना त्यांनी कठडा
आधी डाव्या हातानं धरला, मग दोन्ही,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
पुढच्या वर्षी मी सदुसष्टची.

बाहेर, गाड्यांपाशी, काचेसारखं बर्फ.
त्यांनी कोटाच्या खिशातून मूठभर खडी काढली,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी
माझ्या पुढ्यात फेकली.
चल, म्हणाल्या. सावकाश.