साडेएक्याऐंशी

जनरेटर ट्रेलरवर चढवला
आणि जिप्सी मागच्या चाकांवर बसली,
जेवून सोप्यावर टेकल्यासारखी.

दिवे लावले. रस्ता काळोखातच.
उजेड माडांच्या शेंड्यांवर,
एका घुबडाने वैतागून मान फिरवली.
बोरीचा पूल उतरताना
स्टेअरिंग इतकं हलकं झालं
की वाटलं, मधला दांडा कुणी काढूनच नेलाय.
शेजारी उल्हास. म्हणाला,
"बघ, कसं लोण्यासारखं फिरतंय."

सकाळी कायतान मिस्त्रीने
आमच्या ओझ्याला हातसुद्धा लावला नाही.
टेप घेऊन उकिडवा बसला,
पुढचं मडगार्ड ते जमीन:
ट्रेलर सोडून एकोणऐंशी,
अडकवून चौऱ्याऐंशी.
खडूने दोन्ही आकडे दारावर लिहिले.
"बाये, काल रात्री तुला भेटले ना,
ते हे पाच सेंटिमीटर."

मग भंगारातून दोन सळया आल्या,
हरमलात कुणा परदेशी माणसाने टाकलेल्या कारवानच्या,
स्प्रिंगच्या पोलादाच्या, मनगटाएवढ्या.
एक टोक जिप्सीपाठच्या हुकात,
दुसरं मागे, ट्रेलरच्या दांड्याला, साखळीने.
पाइप घालून त्याने साखळी वर ओढली.
सळया वाकल्या, कुरकुरल्या,
आणि जिप्सीचं नाक खाली आलं.

मला काही कळेना.
ओढतोय मागे, वर;
दबतंय पुढे?
अंगणात चिऱ्यांनी भरलेली एकचाकी उभी होती.
"मुठी उचल."
उचलल्या. चाक मातीत रुतलं.
"वजन खंय गेलं?"
"पुढे."
"थोडं पुढे. थोडं मागे, ट्रेलरच्या चाकांवर.
कमी झालं नाही हां, एक किलोसुद्धा.
हुक बदलला म्हणून जिप्सीचा ट्रक होत नाही."

उल्हास म्हणाला, अजून एक कडी ओढा,
पार एकोणऐंशीवर आणा.
कायतानने पाइप खाली ठेवला.
"पुढचं सगळंच परत मागितलंस
तर मागची चाकं हलकी,
आणि ओल्या वळणावर तीच आधी सुटतात.
पाचातलं अडीच आलं. बस्स."

उल्हास काही बोलला नाही.
पण जनरेटर वीतभर मागे सरकवला,
एकट्यानेच,
आणि दिवसभर कंबर धरून हिंडला.

शिरोड्याच्या जत्रेत नाटक तीनला संपलं.
राजाने मिशी काढून चहा मागितला,
आम्ही वायरी गुंडाळल्या.
परतताना खड्ड्याखड्ड्यावर साखळ्या वाजत होत्या,
स्टेअरिंग जड,
हाताला लागेल इतकं जड.

फाट्याजवळ एक कुत्रं
डांबराच्या उबेला निजलं होतं.
दिसलं.
मी थांबले, ते उठलं,
सावकाश आळस दिला
आणि आमच्या दोन्ही दिव्यांमधून
पलीकडे गेलं.