पाठभेद

भार्गवपंत सोवनींकडे मी पोथ्या उतरवायला होतो,
पानाला दोन पैसे आणि दुपारची पेज.
एकाच आख्यानाच्या अकरा प्रती त्यांच्या पडवीत:
एक वाळवीने अर्धी वाचलेली,
एकीला सुक्या बांगड्याचा वास.
"लेखकू चुकतो तो सोप्याकडे चुकतो," म्हणायचे,
"अवघड शब्द आधी खरा धर.
बाकीचे तळाला लिही. टाकू नकोस एकही."

बेचाळीस साली रंगूनचा तांदूळ थांबला,
पडावांवर सरकारी नंबर पडले,
जैतापूरच्या दीपगृहाने डोळा मिटला.
पंतांनी पोथ्या बासनात बांधल्या
आणि धक्क्यावर मिठाच्या गोणींवर चढले.
बाजारात भावसुद्धा हळू विचारणारा माणूस!
आता खाडीपलीकडून होड्या भरून यायच्या.
तळटीप नाही, कंस नाही,
'बहुधा' नाही.

अष्टमीची सभा. शेवटचं वाक्य:
"आज रात्री—"
आणि वारा.
पुढच्यांनी ऐकलं, जागा.
मागच्यांनी ऐकलं, जाळा.

पहाटे कस्टमची कौलं तडतडत होती,
आणि माडीवर झोपलेला शिपाई दाऊद सोलकर,
फारसी शब्द अडला की पंत ज्याला विचारायचे,
खाली आलाच नाही.

रत्नागिरीच्या कोर्टात सात साक्षीदार,
सात प्रती.
फौजदाराच्या कारकुनाने मोडीत टिपलेलं अक्षर
धड ग नव्हतं, धड ळ नव्हतं.
वकील कानाशी लागला, "इथंच सुटका आहे, पंत."
मी पाचवा. शपथेवर म्हणालो, जागा.
पंतांनी माझ्याकडे पाहिलं,
ओळ गाळून पान आणल्यावर पाहायचे तसं,
आणि न्यायाधीशाला म्हणाले,
"तो सोपा पाठ आहे. दुसरा धरा."

विसापूरहून कार्डं यायची:
चौथ्या प्रतीला ऊन दाखव.
दाऊदच्या घरी तीन रुपये दे, नाव सांगू नकोस.
त्याच्या आईने नाव विचारलं.
मी गप्प राहिलो,
तिने दार लावून घेतलं.
पंत सुटले ते खोकला घेऊन.
आख्यान अकराव्या प्रतीपाशी अडलं ते अडलंच.

आता धक्क्यावर संगमरवरी पाटी आहे.
गावाने ठराव करून कोरलेली, सुबक, देवनागरीत:
आज रात्री जागा.
ओहोटीला मी तिथवर जाऊन येतो.
त्या दिवशी मी गोणींच्या पायाशी होतो,
त्यांच्यापासून दोन हातांवर.
पाटीच्या तळाला दगड कोरा आहे,
एका ओळीपुरती जागा.