कितवा?

संडासाच्या दारामागे कंपनीने तक्ता चिकटवलाय:
पिवळ्याच्या आठ पट्ट्या. अरबी, इंग्रजी, हिंदी.
मराठी मी केली, जमली तशी.
पहिला, तांदळाचं दुसरं धुवण.
तिसरा, लिंबू सरबत.
पाचवा, गोडं तेल.
आठवा, कोरा चहा, चारदा उकळलेला;
तो दिसला की डॉक्टर.

सगळे हसले. दिलावर परकार जास्तच.
तो पाणी मोजून प्यायचा:
मुतायला चाळीस फूट परांची उतरा,
पुन्हा चढा, वर मुकादमाचं तोंड.

सोहारला जुलैत लोखंडाला हात लावता येत नाही.
अकराला तो म्हणाला, आता बरं वाटतंय,
घाम थांबला बघ.
मलाही ते बरंच वाटलं.
मग म्हणाला, शौकत, होडी ओढ, भरती येतेय.

शौकत त्याचा भाऊ. तो हर्णैला.
मी संगमेश्वरचा शिगवण,
आणि समुद्र इथून चार मैल.

कपाळाला हात लावला. कोरडं.
भाकरी उलटायच्या वेळचा तवा.
तक्त्यावर हे नव्हतं.

सावलीत ओढला, शर्ट भिजवला,
पिंपातला बर्फ काखांत कोंबला,
आणि अँब्युलन्स येईतो
त्यालाच त्याचं नाव विचारत राहिलो.
चौथ्यांदा बरोबर सांगितलं.

परत आला तेव्हा तक्त्याखाली
पेनने एक ओळ लिहून गेला:
घाम थांबला म्हणून खूश होऊ नये.
नव्या पोरांना तो शेर वाटतो.

पहाटे बसची वाट बघताना
आता राम राम नाही, सलाम नाही.
कितवा?
तिसरा.
दिलावर, खरं सांग.
...पाच.

बाटली पुढे सरकते.